रस्त्यावर बी कोण फेकतं? रविवारचा उपदेश कसा उभा राहतो

येशूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यावर, म्हणजे बोधकथेवर, मी चर्चमध्ये पहिल्यांदा बोललो, त्याला बरीच वर्षं झाली. उपासना संपली, दाराशी चपला शोधायची गडबड सुरू झाली आणि एका म्हाताऱ्या बाबांनी मला तिथंच धरलं. "गुरुजी, तो पेरनारा येडा व्हता का? रस्तावर बी कोन फेकस?"

"बाबा, तो दाखला आहे," असं काहीतरी म्हणून मी सटकलो. पण प्रश्न घरापर्यंत मागे आला. बाबांनी जन्मभर तिफण चालवलेली. चाड्यावर मूठ धरायची, बी नळीतून थेट तासात जातं, इकडं तिकडं सांडायचा प्रश्नच नाही. कपाशीचं बी तर पाकिटातून मोजून एकेक टोकायचं. अशा माणसाला मी सांगत होतो, की एकाचं बी वाटेवर पडलं, खडकावर पडलं, काट्यात पडलं. आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही!

उत्तर अवघड नव्हतं, मी शोधलंच नव्हतं. येशूच्या काळात गालीलात बी हाताने फोकून पेरत. कमरेला पिशवी, मुठीमुठीने बी उधळत चालायचं. शेताला कुंपण नाही, लोकांच्या पायाखालच्या वाटा शेतातूनच गेलेल्या. मातीचा थर कुठं जाड, कुठं पातळ, आणि खाली चुनखडीचा खडक. थोडं बी वाया जाणार हे धरूनच माणूस हात फिरवायचा. हे मी आधी सांगितलं असतं तर बाबा खुशीत पुढचं ऐकत बसले असते. त्याऐवजी मी जमिनीसारख्या चार प्रकारच्या माणसांच्या मनांवर पाऊण तास बोललो, आणि ते पहिल्या मिनिटालाच शेताच्या बांधावर अडकून राहिले.

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. साक्री तालुक्यात शाळेत शिकवतो. आमचे पाळकसाहेब तीन-चार गावांच्या मंडळ्या (चर्चला जमणारे लोक) सांभाळतात, त्यामुळे महिन्यातून एखादा रविवार माझ्या वाट्याला येतो. कॅथलिक लोक मिस्सातल्या बोलण्याला प्रवचन म्हणतात, आमच्याकडे कुणी उपदेश म्हणतं, कुणी संदेश. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, त्याचं रीतसर उपदेशशास्त्र शिकवतात. मी ते चुकत माकत शिकलो. माझ्यासारखे जे अधूनमधून उभे राहतात, आणि जे चटईवर बसून 'हा माणूस आठवडाभर नेमकं करतो काय' असा विचार करतात, त्या दोघांसाठी हे लिहितोय.

दोन गावं

उपदेशाची सगळ्यात जुनी व्याख्या मला बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात सापडते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत जमलेत. एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतोय आणि लेवी लोक त्याचा अर्थ सांगताहेत, म्हणजे वाचलेलं लोकांना कळावं (नहेम्या 8:8). परदेशात पिढ्या गेल्या होत्या, रोजच्या तोंडात अरामी बोली आली होती. नुसतं वाचून भागणार नव्हतं. (पहाटेपासून दुपारपर्यंत! आमच्याकडे पंचवीस मिनिटं झाली की मागच्या रांगेतली पोरं मोबाइल काढतात.)

म्हणजे काम दोन गावांतलं आहे. एक शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं गाव, एक आपलं गाव. उपदेश करणाऱ्याने आधी तिकडे मुक्काम करायचा, तिथली माणसं ओळखायची आणि मग इकडे यायचं. बहुतेक जण दोनपैकी एकाच गावात राहतात. काही जण तिकडेच रमतात. परुशी, सदूकी, ग्रीक शब्द, राजांच्या वंशावळी, सगळं बरोबर, पण समोरच्या बाईला घरी नेण्यासारखं काही नाही. काही जण तिकडे जातच नाहीत. वर्तमानपत्रातली बातमी, व्हॉट्सअॅपवरची गोष्ट आणि त्यावर टाचणीने लावल्यासारखं एक वचन. मी स्वतः दुसऱ्या प्रकारातला होतो, कारण त्याला कष्ट कमी लागतात.

तिकडे मुक्काम करायचा म्हणजे काय? शास्त्रभाग सोमवारी ठरवायचा, शनिवारी नाही. कॅथलिकांकडे तीन वर्षांच्या चक्रात वाचनं ठरलेली असतात, पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. अशी पाठसूची बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्याही वापरतात. आमच्यासारख्या छोट्या मंडळीत भाग स्वतः निवडायचा असतो, आणि तिथे धोका आहे. माणूस आवडीचीच दहा वचनं फिरवत राहतो. एखादं पुस्तक सलग घेतलं तर नावडता भागही वाट अडवतो, आणि ते बरं असतं.

भाग ठरला की मोठ्याने वाचायचा. दोन भाषांतरांत वाचायचा. एकात जुन्या हिशेबाचा 'तिसरा तास' असतो, दुसऱ्यात सरळ घड्याळाची वेळ. दोन्ही समोर ठेवली की आपोआप प्रश्न पडतात. हे कोण कुणाला म्हणतंय? याच्या आधीच्या अध्यायात काय घडलं? हे पत्र आहे, गाणं आहे, कायदा आहे की गोष्ट? गाण्यातल्या ओळीला कायद्यासारखं ताणलं की ती तुटते. भाष्यग्रंथ उघडायचा तो या सगळ्यानंतर. आधी उघडला तर दुसऱ्याचे प्रश्न आपले होऊन बसतात.

द्राक्षमळ्यातली हजेरी

एक भाग जवळून बघू. मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याच्या मालकाचा दाखला. मालक पहाटे बाजारात जातो, एका दिनारावर मजूर ठरवतो. दिनार म्हणजे चांदीचं रोमी नाणं, मजुराचा एका दिवसाचा रोज. मग तो पुन्हा नऊच्या सुमाराला जातो, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच दिनार. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात.

मी हा दाखला लहानपणापासून 'देवाची कृपा सगळ्यांना सारखी' या एका वाक्यात ऐकत आलो. वाक्य चुकीचं नाही, पण त्यात माणसं नाहीत. मजूर आले कुठून, पाचपर्यंत कोण उरलं, हे विचारलं तर दाखला हलायला लागतो.

दाखल्यातला संध्याकाळचा प्रसंग बघा. 'संध्याकाळ झाल्यावर' मालक कारभाऱ्याला मजुरी द्यायला सांगतो. हा नुसता वेळेचा उल्लेख नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (24:15) मोशेचा कायदा आहे: मजुराचा रोज त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्यात लागलेला आहे. लेवीय 19:13 तेच म्हणतं, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका. ऐकणाऱ्यांना हे तोंडपाठ होतं. म्हणजे दाखल्यातला मालक आधी कायदा पाळतो, मग त्याच्या पलीकडे जातो. आपल्याकडे 'पुढच्या बाजाराला देतो' ऐकून परतलेल्या माणसाला या एका ओळीत काय ऐकू येईल, ते सांगायला भाष्यग्रंथ लागत नाही.

मग पाच वाजताचे मजूर. मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. आळशी होते असं कुठेही म्हटलेलं नाही. धुळ्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी आठला उभं राहून बघा. ठेकेदाराची गाडी थांबते, आधी कोण चढतं? दणकट पोरं. मागे राहतात ते साठीचे, लंगडणारे, कडेवर लेकरू असलेल्या बाया. पाच वाजता जो उरला तो नकोसा झालेला माणूस आहे. त्याला अर्ध्या रोजाने घरी पाठवलं तर घरी अर्धंच पीठ जातं, कारण घर पूर्ण दिवसाचं जेवतं.

आता कुरकुरणाऱ्यांकडे. इथे मी पूर्वी त्यांना झोडपायचो. पण आमच्या मंडळीतल्या बाया कापूस वेचायला जातात, किलोवर पैसे मिळतात. जिने जास्त वेचला तिला जास्त, हा त्यांचा रोजचा न्याय. त्यांना मालकाचा हिशेब अन्यायाचाच वाटणार, आणि तसाच तो पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनाही वाटला असणार. दाखल्याला तीच ठेच हवी आहे. 'तुमचं चुकतंय' अशी सुरुवात केली की ठेच लागत नाही, नुसता राग येतो. 'तुमचं बरोबर आहे, मीसुद्धा कुरकुरलो असतो' इथून निघालं तर लोक मालकाचं उत्तर ऐकायला तयार असतात.

दोन गावं जोडायची जागा अशी सापडते. वस्तूला वस्तू जोडून नाही, गाठीला गाठ जोडून. तिकडच्या माणसाचं कुठे अडलं होतं, ते शोधायचं. मग आपल्या माणसाचं तसंच कुठे अडलंय, ते बघायचं.

केळीचा घोटाळा

वस्तूला वस्तू जोडली की काय होतं, त्याचा नमुना रावेरकडच्या एका सभेत ऐकला. योहान 15 चा भाग होता. मी द्राक्षवेल, तुम्ही फांद्या. बोलणाऱ्याने विचार केला, आमच्याकडे द्राक्षं कुठं? आमच्याकडे केळी. म्हणून तो म्हणाला, येशू केळीचं झाड आहे, आपण त्याची पानं.

हेतू चांगला. पण समोर केळीची मृगबाग आणि कांदेबाग लावणारी माणसं बसली होती. केळीला घड एकदाच येतो. घड उतरला की खोड तोडतात आणि शेजारच्या पिलावर पुढची बाग धरतात. द्राक्षवेलीचं उलट आहे, तीच वेल वर्षानुवर्षं राहते, आणि जी फांदी फळ देते तिला अजून फळ यावं म्हणून छाटतात. योहान 15 मधलं सगळं बोलणं त्या छाटणीवर उभं आहे. केळी आणली की छाटणी गेली, आणि येशू एका घडानंतर तोडायचा झाला! कुणी तोंडावर बोललं नाही, पण बाहेर चहा घेताना हसू दाबलेलं मी पाहिलं.

सोपा उपाय होता. खान्देशातले मजूर नाशिककडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी त्यांनी हाताने केलेली असते. नुकतीच छाटलेली बाग उजाड, मेल्यासारखी दिसते. त्यांच्यातल्या एकाला दोन मिनिटं उभं करून विचारलं असतं, 'छाटताना वेल रडते म्हणतात ते खरं का?', तर कापलेल्या टोकातून पाणी कसं गळतं ते त्याने सांगितलं असतं. आणि केळी वाया घालवायचं कारण नाही. मोशे थकतो, त्याच्या जागी यहोशवा पुढे होतो, तिथे पिलाची गोष्ट चपखल बसते.

अर्धं वचन

आता सगळ्यात लाडकं वचन. यिर्मया 29:11, देव म्हणतो, तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत. लग्नपत्रिकेवर, नव्या दुकानाच्या भिंतीवर, पोलीस भरतीच्या पोरांच्या स्टेटसला हेच असतं. ते कुणाला लिहिलंय? इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतून ज्यांना बाबेलला नेलं, त्यांना यिर्मयाने पाठवलेल्या पत्रात ते आहे. आणि त्याच्या एकच वचन आधी लिहिलंय की परतायला सत्तर वर्षं लागतील. पत्र हातात घेतलेले बहुतेक जण तिकडेच मरणार होते.

आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा आहे. तो म्हणतो, दोन वर्षांत सगळं पूर्वीसारखं होईल. लोकांना तो आवडला असणार. शास्त्र त्याला खोटा म्हणतं. मला हे कळलं तेव्हा घाम फुटला, कारण 29:11 वर मी बोललो होतो तो उपदेश खरं तर हनन्याचा होता. यिर्मयाचं वचन, हनन्याचा सूर.

त्याच पत्रात वर 5 ते 7 वचनांत काय आहे? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्याचं हित चिंता. दिवाळी झाली की आमच्या मंडळीतली निम्मी घरं कुलूपबंद होतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, आणि बारडोली-सुरतकडच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जोडप्यांनी निघायचं असतं. शेताच्या कडेला पडाव, अंधारात कोयता, पोरांची शाळा तुटलेली. या माणसाची गाठ काय? ज्या गावात माझं रेशनकार्ड नाही, जिथे मला कुणी नावाने हाक मारत नाही, त्या गावाचं भलं मी कशाला मागू? बाबेलमधल्या माणसाची गाठ हीच होती. इथे पत्र आपोआप उघडतं. मी हा भाग ऑक्टोबरात घेतो, माणसं निघायच्या आधी. जानेवारीत घेतला तर ज्यांच्यासाठी आहे तेच समोर नसतात.

फिलिप्पै 4:13 चंही असंच, 'मी सर्व काही करू शकतो.' हे लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे आणि आधीच्या दोन वचनांत भुकेलं राहणं, भरल्या पोटी राहणं दोन्ही शिकलो म्हणतोय. परीक्षेत पास व्हायची ती हमी नाही.

माझी चूक

2017 च्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत अळी आणि कवडी झालेला कापूस. लोकांनी उभ्या पिकात नांगर घातला. डिसेंबरात माझी पाळी आली. मला वाटलं, लोकांच्या आजच्या जगण्याला जोडायची याहून चांगली वेळ कुठली? अनुवाद 28:39 काढलं: तू द्राक्षमळे लावशील, पण त्यांना कीड खाईल. आज्ञा मोडली म्हणून शाप. मी आवाज चढवून विचारलं, आपण कुठं चुकलो?

चटईवर दुसऱ्या रांगेत एक बाई बसली होती. नवरा गेलेला, तीन एकर कोरडवाहू. उपासनेनंतर ती भांडली नाही, रडलीही नाही. इतकंच म्हणाली, "गुरुजी, शेजारच्यांचंही गेलं. ते तर देवळातले. मग नेमकं कुणाचं चुकलं?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर येशूने देऊन ठेवलंय, मी वाचलं नव्हतं. लूक 13 मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मरतात. येशू विचारतो, ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. ईयोबाचं सगळं पुस्तक त्याच वादावर आहे. मित्र म्हणतात, तू काहीतरी केलं असणार. शेवटी देव मित्रांवर रागावतो. अनुवाद 28 हे एका राष्ट्राशी केलेल्या कराराचं बोलणं आहे, प्रतिज्ञात देशाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या सगळ्या लोकांशी. साक्री तालुक्यातल्या एका विधवेच्या तीन एकरांचा तो पंचनामा नाही.

आणि अळी का आली, हे तर मला आधी कृषी सहायकाला विचारायला हवं होतं. बीटी कपाशीतल्या विषाला ती अळी सरावली होती, त्यात फरदड घेत हंगाम लांबवल्यामुळे तिला वर्षभर खायला मिळालं. हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक, फक्त व्यासपीठावरच्या माणसाला ठाऊक नव्हतं. आजच्या जगण्याला शास्त्र जोडायचं तर आजचं जगणंही तेवढ्याच मेहनतीने वाचावं लागतं. नाहीतर लोक म्हणतात, याला शेतातलं कळत नाही, मग स्वर्गातलं काय कळणार.

तेव्हापासून एक नियम केलाय. संकटाच्या आठवड्यात 'का' या प्रश्नावर बोलायचं नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं कितीतरी आहेत, त्यातलं एक सावकाश वाचायचं. 'हे परमेश्वरा, कुठवर?' (स्तोत्र 13). कर्जापायी ज्या घरात माणूस गेलाय, ते घर समोर बसलेलं असेल तर एवढं वाचनही खूप होतं.

टेलचा शेतकरी

जोडणी नीट बसते तेव्हा कसं वाटतं, तेही सांगतो. 1 करिंथकर 11 मध्ये पौल प्रभूभोजनावरून, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणावरून, चिडलाय. एक जण भुकेला राहतो, दुसरा पिऊन तर्र. हे कसं घडत असेल? तेव्हा रविवारची सुट्टी नव्हती, ती रोमी साम्राज्यात कॉन्स्टंटाइनने 321 साली दिली. म्हणजे मोकळा वेळ असलेले आधी येऊन बसत, खाऊन घेत. मजूर, गुलाम काम आटोपून येईपर्यंत ताटं रिकामी. पौलाचा उपाय शेवटी साधा आहे: एकमेकांसाठी थांबा (11:33).

पांझराकाठच्या लोकांना याचं एक चित्र तयार मिळतं. तिथे बंधाऱ्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. सगळ्या फडात एकच पीक, आणि पाणी द्यायला गावाने नेमलेले पाटकरी. मनाला येईल तेव्हा आपल्या शेतात पाणी वळवायचं नाही. ती शिस्त जिथे मोडली तिथे काय होतं, ते कुठल्याही कालव्यावर बघा. आवर्तन सुटतं, पाटाच्या तोंडाशी असलेले ऊस भिजवून घेतात, आणि टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत ओल पोचत नाही. मी एवढंच विचारलं, आपल्या मंडळीत टेलला कोण बसतं? जेवणाच्या पंगतीत, बैठकीच्या निरोपात, आजारीपणात भेटायला जाताना? पुढे बोलावं लागलं नाही. त्या नाताळाच्या जेवणात पंगत उशिरा सुरू झाली, कारण वीटभट्टीवरची चार घरं यायची होती.

रूथच्या पुस्तकात मात्र मला काही जोडावंच लागत नाही. मराठी शास्त्रात 'सरवा वेचणे' हा शब्द आहे, आणि भुईमूग काढल्यावर रानात राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्या बाया आमच्याकडे आजही दिसतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येणाऱ्या लेकींना रूथची सासू नामी हिचं 'आपापल्या आईच्या घरी जा' हे वाक्य (1:8) समजावून सांगायचं नसतं. फक्त रूथने ती माहेरची वाट सोडली, हे म्हटल्यावर थोडं थांबायचं.

कागद, बोली आणि घड्याळ

एवढं झालं की गुरुवारी मी सगळा उपदेश एका वाक्यात लिहायचा प्रयत्न करतो. वाक्य होत नसेल तर उपदेश झालेला नाही, टिपणं झालीत. ते वाक्य घरात ऐकवतो. बायको भाकरी थापता थापता 'मग?' म्हणाली, तर परत बसतो.

रचनेसाठी मला इंग्रजी पुस्तकांतले तीन मुद्दे आणि त्यांचे उपमुद्दे कधी जमले नाहीत. आपल्या कीर्तनात रचना तयार आहे. पूर्वरंगात वचन घेऊन निरूपण, उत्तररंगात एक आख्यान, ज्यात तेच निरूपण माणसांच्या रूपात चालताना दिसतं. ना. वा. टिळकांनी (1861–1919) ख्रिस्ती संदेशासाठी कीर्तन आणि अभंग वापरले ते उगाच नाही. त्याच्याही आधी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधली होती. आपल्या कानाला या वळणाची सवय आहे. आख्यान मात्र एकच घ्यावं. तीन गोष्टी सांगितल्या की लोक तिसरी घेऊन घरी जातात, आणि ती बहुधा विनोदी असते.

बोलीचा प्रश्न सुटलेला नाही. शास्त्र प्रमाण मराठीत, घर अहिराणीत, नवापूरकडे मावची, सातपुड्यात पावरी. मी वाचन छापलेल्या मराठीतच ठेवतो, पण आख्यान अहिराणीत सुरू केलं की चटईवरच्या पाठी सरळ होतात. आवाजसुद्धा बदलतो, माझाही. एका तरुण मित्राने सगळाच उपदेश अहिराणीत केला तर म्हाताऱ्यांनाच तो पोरखेळ वाटला. देवाचं बोलणं थोडं इस्त्रीचं हवं असतं त्यांना. त्यांना तसं का वाटतं, यावर वेगळा उपदेश होईल.

वेळ पंचवीस मिनिटं. कागद पूर्ण लिहितो, पण उभा राहताना फक्त वचनांचे आकडे आणि आख्यानातलं पहिलं वाक्य नेतो. पहिलं वाक्य पाठ हवं, नाहीतर माणूस 'आजच्या या मंगल दिवशी' म्हणायला लागतो.

आणि सोमवारी जमेल तेव्हा कुणाकडे तरी चहाला जातो. काय कळलं ते विचारायचं नाही, लोक मान राखून 'छान झालं' म्हणतात. काय पटलं नाही ते विचारायचं.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर मागच्या वर्षी पुन्हा बोललो. अड्डा, ठेकेदाराची गाडी, मागे राहिलेली माणसं, सगळं सांगितलं. सोमवारी एका मजुराच्या ओट्यावर बसलो. चाळिशीचा माणूस, पायाला जुना मार. तो म्हणाला, "बाकी ठीक, गुरुजी. पण तुम्ही म्हणालात ना, ते पाच वाजेपर्यंत कामाची वाट बघत उभे होते."

"मग?"

"अकरा वाजले की अड्ड्यावर कुणी वाट बघत नाही. गाडी येत नाही हे माहीत असतं." त्याने बशीतला चहा संपवला. "उभा राहतो, कारण दुपारीच घरी गेलं की बायकोला आणि पोरांना कळतं, आज पण नाही."

मी घरी येऊन शास्त्र उघडलं आणि मत्तय 20:6 च्या शेजारी पेन्सिलने ते लिहून ठेवलं.